चौथ्या दिवसाआधी

आई गेली त्या दुपारी तिची वेणी घातलेली होती. घट्ट, तीनपेडी, टोकाला काळं रबर. मी ती पाहिली होती, पण लक्षात आली सोळा दिवसांनी. नाशिकचं सगळं आटोपून दोह्याला परत येत होते, आणि विमानात पुढच्या सीटवरच्या बाईने मान वळवली तेव्हा तिची वेणी दिसली.

मधले दिवस कागदांत आणि विधींत गेले होते. आईला नाशिकला न्यायचं तर मृत्यूचा दाखला, पोलिसांचा कागद, दूतावासाचा कागद, विमान कंपनीचा कागद. मग तिथे श्रेयसने, माझ्या धाकट्या भावाने, सगळं केलं. मी येणाऱ्यांना पाणी दिलं. बाबा नाशिकलाच राहिले. मी नोकरीसाठी परतले, आणि दोह्याबाहेर समैस्माला असलेलं आईबाबांचं घर आवरायला.

आईचे हात दोन महिने खांद्याच्या वर जात नव्हते. तिचे केस घरकामाला असलेली देउसरा विंचरायची. पण महिन्यातले चार दिवस देउसरा आईला शिवायची नाही, आणि आई गेली तो त्या चारातला तिसरा दिवस होता. अशा दिवसांत बाबा कसाबसा एक क्लिप लावत. त्यांना वेणी घालता येत नाही. आदल्या संध्याकाळी मी ऑफिसातून तिकडे गेले होते तेव्हा आईचे केस उशीवर मोकळे होते.

बाबा साडेदहाला औषधं आणायला दोह्यात गेले आणि बारा चाळीसला परतले. देउसरा तेव्हा अंगणात भिंतीशी उभी होती, ऑगस्टच्या भर उन्हात. पोलिसांना ती म्हणाली, "मैं अंदर नहीं गई, सर." कुणी पुढे काही विचारलं नाही. दुखणं जुनं होतं, डॉक्टरांचे कागद होते.

मीही विचारलं नाही. सोळा दिवस एवढंच मनात धरून होते की आई दोन तास एकटी होती, दाराबाहेर एक धडधाकट बाई उभी होती, आणि ती आत गेली नाही. आणि त्या बाईला तसं वागू द्या, असं चार वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं.

देउसरा साउद नेपाळच्या सुदूर पश्चिमेकडची, अछाम जिल्ह्यातली. वय चौतीस. नवरा पुण्यात एका सोसायटीचा वॉचमन होता. तो क्षयाने गेला, मुलगी सासूकडे ठेवून ही दिल्लीमार्गे इथे आली. दिल्लीमार्गे, कारण घरकामासाठी आखातात यायला नेपाळ आपल्या बायकांना परवानगी देत नाही. आल्या दिवशी बाबांनी तिचं आडनाव वाचून म्हटलं, "अरे, या तर सौदी राजघराण्याच्या नात्यातल्या दिसतात." तिला ते कळलं नाही, पण आई हसली म्हणून तीही हसली. बाबांना ती तिच्या भाषेत बुवा, म्हणजे वडील, म्हणायची, आईला आमा, मला दिदी. बाबा म्हणायचे, "बुवा केलंत मला, आता कीर्तन तेवढं राहिलं."

पहिल्याच महिन्यात तिने आईला सांगितलं की ती चार दिवस 'पर सरणार'. म्हणजे दूर होणार. कुंपणालगतच्या तिच्या खोलीत राहणार, स्वयंपाकघर नाही, फिल्टरचं पाणी नाही, दूध नाही, देवघर असलेल्या आईच्या खोलीचा उंबरठा नाही. कुंडीतल्या कढीपत्त्याला हात लावला तर तो वाळेल म्हणून तिकडेही जाणार नाही.

"तो एसीच्या गरम हवेने कधीच वाळलाय," आई म्हणाली. "तू खुशाल हात लाव, तुझं नाव होणार नाही."

देउसरा हलली नाही. आईने मला फोन केला. मी दोह्यात मुशैरिबला एका ऑफिसात अहवाल तपासायचं, नीट करायचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं, आणि उरलेला वेळ पुस्तकं. हिमालयातल्या त्या छोट्या देशांविषयी मी बरंच वाचलं होतं. त्या बळावर मी आईला म्हणाले, "तिची श्रद्धा आहे. आपण मालक आहोत म्हणून तिच्यावर आपलं लादायचं का?"

आई म्हणाली, "मी सत्तावीस वर्षांची होईपर्यंत कोपऱ्यात बसले. इथे आले, पहिल्या महिन्यात, एवढ्याशा फ्लॅटमध्ये बसायला बाजूच नव्हती आणि रांधायला दुसरं कोणी नव्हतं. तसं सुटलं माझं. कुणी माझ्या श्रद्धेचा मान राखला असता तर अजून बसले असते."

"तुझं वेगळं, तिचं वेगळं," मी म्हणाले.

एकदा मी देउसराला कौतुकाने सांगितलं होतं की भूतानमध्ये कितीतरी ठिकाणी घर आणि जमीन मुलींना जाते. तिने विचारलं, "आणि देवाच्या आतल्या खोलीत?" मी म्हणाले, तिथल्या काही खोल्यांत बायकांना नाही जाऊ देत. "मग जमीन दिली तरी दार तेच," ती म्हणाली आणि कांदा चिरू लागली. मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. माझं बहुतेक सगळं असंच होतं, मी लिहून ठेवायची.

*

समैस्माला पोचले तेव्हा दुपार होती. घर फार स्वच्छ होतं. आईच्या पलंगाची गादी उन्हात टाकलेली, औषधांच्या बाटल्या ओळीने लावलेल्या. देउसराने चहा केला आणि कप माझ्या हातात न देता टेबलाच्या टोकाला ठेवून मागे सरकली.

"आज तुझे दिवस आहेत?"

"नाही, दिदी."

"मग असा का ठेवलास?"

तिने दारातून बाहेर, तिच्या खोलीकडे पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं की तिचं अंथरूण, तिचं ताट, सगळं बाहेरच्या खोलीत होतं. आम्ही नव्हतो तेवढे दिवस ती घरात फक्त झाडायला येत होती.

मी विचारलं, "आईची वेणी तू घातलीस?"

ती खाली बसली. खुर्चीवर नाही, फरशीवर, भिंतीला टेकून. तिचं मराठी आईने शिकवलेलं, आईच्याच नाशिकच्या हेलाचं, मधे हिंदी, मधे तिची भाषा.

"बुवा गेले, त्यानंतर आमाने हाक मारली. दोन वेळा. मी दाराशी गेले. पाणी म्हणाली. मी बोलले, बुवा येतील. पुन्हा पाणी म्हणाली. मग बोलली, आत ये. मी बोलले, आमा, उद्या चौथा दिवस, उद्या न्हाऊन येते. ती बोलली, उद्याचं उद्या, आता ये." देउसरा थांबली. "मी गेले, दिदी. उचलून बसवली, माझ्या छातीला टेकवली. चमच्याने पाणी दिलं. तीन चमचे. मग बोलली, केस मानेला टोचतात, वेणी घाल. मी घातली. रबर लावला, आणि मान अशी झाली." तिने स्वतःची मान खांद्यावर टेकवून दाखवली.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. दुसरा शब्द सापडत नाही. आई कुणाच्या तरी अंगावर टेकलेली होती, तिची तहान भागली होती, टोचणारे केस कुणीतरी आवरले होते. मला देउसराचे पाय धरावेसे वाटले. मी उठलेसुद्धा.

तिने हात पुढे करून मला थांबवलं.

"मी मारलं," ती म्हणाली. "आमा बरी होत होती. दोन दिवस मी शिवले नाही, तर बरी होती. शिवले आणि गेली."

"देउसरा, तिचं हृदय—"

"तुम्हीच बोलत होता. बुवा बोलत होते. नर्स बोलत होती. अंगातलं पाणी कमी होतंय, दिवाळीला आमा चालणार. मी रोज पाय चोळत होते. पायाची सूज उतरली पण होती थोडी."

मी परत बसले. ते खरं होतं. आम्ही बोलत होतो.

जूनमध्ये डॉक्टरांनी बाबांना आणि मला वेगळ्या खोलीत बसवून सांगितलं होतं की हृदय पंधरा टक्के चालतंय, काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. गाडीत बसायच्या आधीच आम्ही ठरवलं की आईला सांगायचं नाही. आमच्यात हे ठरवावं लागतच नाही. आजोबांना सांगितलं नव्हतं, मावशीला सांगितलं नव्हतं. आणि आईला कळायला नको तर देउसरालाही कळायला नको, तिचा चेहरा लगेच सांगून टाकतो. घरी तपासायला येणाऱ्या नबीलाला, श्रीवर्धनकडच्या नर्सला, बाबांनी दारातच गाठून विनंती केली. ती म्हणाली, "अंकल, मी काय बोलू, तुम्ही म्हणाल तसं." पुढे दोन महिने ती दर वेळी आईची नाडी धरून "माशाल्ला, इम्प्रूव्हमेंट आहे" म्हणायची.

देउसरा अजून बोलत होती. "मी त्याच संध्याकाळी घरी फोन केला. सासूला सांगितलं. जानुकाला गोठात ठेव, मी बोलले."

जानुका म्हणजे तिची मुलगी, तेरा वर्षांची. आणि गोठ म्हणजे घरापासून दूर बांधलेली मातीची खोपटी, उभं राहता येत नाही एवढी, दाराच्या जागी भोक. तिथल्या बायका दर महिन्याला त्यात झोपतात. साप चावून, थंडीत शेकोटीच्या धुराने गुदमरून बायका-मुली मेल्या आहेत. कायद्याने बंदी आहे. देउसरा सांगायची, पुलिस आले, गावातले सहा गोठ पाडले, पुलिस गेले, लोकांनी सात बांधले.

स्वतःचं ती सगळं पाळायची, पण जानुकासाठी वर्षभर फोनवर भांडत होती. माझं मी करते, तिचं नको. त्या भांडणात आई उतरली होती. एका दुपारी व्हिडिओ कॉलवर आई मराठीत आणि सासू तिच्या डोटेलीत तासभर बोलल्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. शेवटी आई म्हणाली, "अहो, पोरगी आहे ती, शेळी नाही, बाहेर बांधायला." देउसराने ते भाषांतर करून सांगितलं. तिकडून सासू काहीतरी म्हणाली आणि देउसरा हसत सुटली. सासू म्हणाली होती की शेळी तर आम्ही आतच बांधतो. पण त्यानंतर सासू कबूल झाली. जानुकाची पाळी येईल तेव्हा ती घरातच, खिडकीजवळच्या खोलीत झोपेल.

"आता आली आहे का तिला?" मी विचारलं.

"सहा दिवस झाले. पहिली वेळ. पहिल्या वेळी अकरा दिवस."

"ती आत्ता गोठात आहे?"

"हो."

मग मी तिला सगळं सांगितलं. जून, डॉक्टर, पंधरा टक्के, गाडीतलं ठरवणं. पुढ्यातल्या फरशीकडे बघत सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली, आपण लहान मुलाच्या गोष्टीला हलवतो तशी.

"मला बरं वाटावं म्हणून बोलता तुम्ही."

"नाही गं, खरं सांगते."

"आमाला पण असंच बोलायच्या, दिदी. खरं सांगते, सुधारतंय तुझं. असाच आवाज."

मी डॉक्टरांचा रिपोर्ट काढून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. तिला इंग्रजी येत नाही, आणि मी वाचून दाखवलेलं काय कामाचं. नबीलाला फोन लावू का म्हटलं, तर म्हणाली, "ती पण तुमचीच."

मग तीच म्हणाली, "एशियन टाउनला एक फार्मसी आहे. तिथे आमच्याकडचा माणूस बसतो. तो तुम्हाला ओळखत नाही. उद्या शुक्रवार. त्याला वाचू द्या."

*

शुक्रवारी चारनंतर एशियन टाउनला, परदेशी मजुरांच्या त्या बाजारात, पाय ठेवायला जागा नसते. सगळे पुरुष, सुटीचे, इस्त्रीचे शर्ट घातलेले. थिएटरबाहेर रांग, मोबाइलच्या दुकानांतून चार भाषांतली गाणी. देउसरा माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. आज तिचं काम होतं, मी सोबत होते.

फार्मसीतला माणूस पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवलेला. देउसराने तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि रिपोर्ट काउंटरवर ठेवला. त्याने चष्मा खाली ओढला. आधी वरची तारीख बोटाने दाखवली, जून अकरा. आकडे तिला वाचता येतात. तिने ते बोट बाजूला सारून आकडे स्वतः पुन्हा वाचले. मग तो एकेक ओळ वाचून तिच्या भाषेत सांगू लागला. माझ्या कानावर 'मुटु' आलं, म्हणजे हृदय, आणि 'पन्ध्र प्रतिशत'. पुढे तो सावकाश बोलला आणि एका जागी थांबून त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं की रुग्ण तिच्याच नात्यातला आहे.

तिने काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली, नाही. तिने पुन्हा विचारलं, या वेळी स्वतःचा हात उघडून दाखवत. तो जरा चिडून बोलला. मला नंतर कळलं ते असं होतं की, बहिणी, या बाईला रोज दहा जणांनी हात लावला असता किंवा कुणीच लावला नसता तरी तिने श्रावण ओलांडला नसता.

मग तो हिंदीत मला म्हणाला, "सिस्टर, पेशंट को बताया नहीं था क्या?"

"नाही," मी म्हणाले.

"खुद तो पता ही चलता है," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बाहेर एका दुकानाच्या कट्ट्यावर देउसरा बसली. मी पाण्याची बाटली आणली. ती तिने हातातून घेतली.

"दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने तुम्हाला माहीत होतं. आणि मला सांगत होता, सूप दे, ताकद येईल. आमाला नको असायचं तरी मी भरवायची. रागवायची पण तिला, नाटक करते म्हणून."

तिने बाटलीतून एक घोट घेतला.

"मला सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी आत गेले असते."

"गेली असतीस?"

तिने विचार केला. शेजारी दोन पोरं एकाच फोनवर क्रिकेट बघत ओरडत होती. "माहीत नाही," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी पण पाय थरथरत होते. पण विचार तरी केला असता. तुम्ही मला विचार करू दिला नाही."

तिने फोन काढला आणि सासूला व्हिडिओ कॉल लावला. सासूचा चेहरा पडद्यावर आला, मागे हिरवागार डोंगर. देउसरा जोरात बोलू लागली, रिपोर्ट कॅमेऱ्यापुढे धरला, तारखेवर बोट ठेवलं. सासू शांतपणे ऐकत होती. मग ती बोलू लागली आणि थांबलीच नाही. देउसराचा आवाज हळूहळू खाली आला. शेवटी ती फक्त 'हजुर, हजुर' म्हणत होती. कॉल संपल्यावरही फोन तसाच समोर धरून बसली.

"काय म्हणाल्या?"

"काल ऋषिपंचमी होती ना. बायका नदीवर जमल्या."

मला ऋषिपंचमी माहीत होती. आमच्याकडे आई त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही नसलेली भाजी करायची. अळू, लाल भोपळा, कच्च्या केळ्याचे काप. उपवास आणि पूजा तिने कधीच सोडली होती, भाजी तेवढी ठेवली होती, कारण आम्हाला आवडायची. विटाळात भांड्यांना शिवली म्हणून पुढच्या जन्मी कुत्री झालेल्या बाईची कहाणी तिने मला एकदाच सांगितली. मी एकोणीस वर्षांची होते, भडकले. ती म्हणाली, "अगं, कहाणी आहे. भाजी खा." देउसराच्या गावीही तोच दिवस, तीच कहाणी. तिथल्या बायका आघाड्याच्या तीनशे पासष्ट काड्यांनी दात घासतात, मातीने न्हातात, आणि वर्षभरात नकळत शिवाशिव झाली त्याची क्षमा मागतात.

"सासूने तिथे सांगितलं," देउसरा म्हणाली. "दोह्याची आमा. सुनेने तिसऱ्या दिवशी शिवलं आणि तिच्या हातातच गेली. तीन गावच्या बायका होत्या. धामीला पण सांगितलं." धामी म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो तो. "तो बोलला, देवाने लांब देशात पण दाखवलं. आता सासू बोलते, तुझा कागद खरा असेल, पण तूच रडत रडत फोन केला होतास. मी तुझंच बोललेलं सांगितलं, माझं काय चुकलं?"

"आणि जानुका?"

"जेवण नेऊन ठेवतात. काल पाऊस होता." तिने फोन खाली ठेवला. "माझा व्हिसा कॅन्सल करा, दिदी."

मी तयारी करून आले होते. बाबा आता परतणार नव्हते, तिचा व्हिसा त्यांच्या नावावर होता, तो माझ्या नावावर घ्यायचा मी विमानातच ठरवलं होतं. मी म्हणाले, महिन्याची रजा घे, जाऊन ये, तिकीट मी काढते. माझ्याकडे राहा.

"रजेवर गेलेली बाई परत येत नाही. काठमांडूच्या विमानतळावर थांबवतात. घरकाम, आखात, बाई, खलास."

"दिल्लीमार्गे ये. आली होतीस तशी."

"तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती," ती म्हणाली.

मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. ते तिच्या भल्यासाठी नव्हतं. आईचे शेवटचे शब्द ज्या एकाच माणसाच्या कानात होते ते माणूस मला जवळ हवं होतं. रोज थोडं थोडं विचारायचं होतं. हे मी तिला सांगितलं नाही. आधीच इतकं सांगितलं नव्हतं, त्यात आणखी एक.

संध्याकाळी नाशिकला फोन केला. बाबांना मोबाइलवरून व्हिसा रद्द करायला पाच मिनिटं लागली असती, पण मी त्यांना आधी वेणीचं सांगितलं. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं.

"आसा बाळा," ते म्हणाले, "मला वाटलं तूच आदल्या दिवशी घातलीस."

"नाही, बाबा."

"मग कोणीतरी होतं तिच्याजवळ." मग म्हणाले, "मी तेव्हा अंगणात देउसराला बोललो होतो गं. तू मेली होतीस का, असं बोललो. फोन दे तिला."

मी फोन दिला आणि दुसऱ्या खोलीत गेले. तिच्या बाजूने मला फक्त "नाही, बुवा" आणि "हो, बुवा" ऐकू आलं.

*

ती रविवारी गेली. काठमांडू, तिथून धनगढी, पुढे बस आणि पायवाट. मंगळवारी संध्याकाळी पोचली, तो जानुकाचा अकरावा दिवस होता. जानुका त्याच सकाळी न्हाऊन घरात आली होती. म्हणजे त्या खेपेला काहीच उपयोग झाला नाही.

पुढच्या महिन्याचं काय, यावर तिकडे किती भांडण झालं ते मला तुकड्यांत कळत होतं. देउसरा आवाजी निरोप पाठवायची, मराठीत, कारण घरात कुणाला कळू नये. सासू म्हणते गाव बोलेल. दीर म्हणतो गाई आटतील. धामीकडे गेले. धामीला रिपोर्ट दाखवला, त्याने तो उलटा धरला. शेवटी तीन आठवड्यांनी निरोप आला: "दिदी, ठरलं. जानुका आत झोपणार. पण दोष माझा आहे म्हणून मी बाहेर. महिन्याला सात दिवस. कोणाचं तरी नाव पाहिजे ना गोठाला. चालेल. सतरंजी नेली मी, आणि टॉर्च."

मी 'हे चालणार नाही' असं लिहिलं. पुसलं. मग कायद्याचं लिहिलं, हेल्पलाइनचा नंबर शोधून लिहिला, तोही पुसला. दोन दिवसांनी नुसतंच 'कशी आहेस' पाठवलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका दुपारी, मी ऑफिसात जेवत होते, तिच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर एक मुलगी होती, शाळेचा निळा शर्ट, भुवया थेट देउसराच्या. शाळेत इंग्रजी आणि टीव्हीवरून हिंदी शिकलेली. "नमस्ते मॅडम. मी जानुका."

"आई कुठे आहे?"

"बाहेर. काल बसली." तिने फोन फिरवून दाखवलं. उताराच्या खाली, मक्याच्या पलीकडे, तपकिरी ठिपक्याएवढं काहीतरी. मग पुन्हा तिचा चेहरा आला, फार जवळ. ती हळू बोलत होती. "मॅडम, एक विचारायचं होतं. आई सांगते वेगळं, हजुरआमा, माझी आजी, सांगते वेगळं. तुमच्या आईचं खरं काय झालं?"

"तिला तहान लागली होती," मी हिंदीत म्हणाले. "तिने तुझ्या आईला हाक मारली. तुझी आई आत गेली आणि तिला पाणी दिलं."

"तिसरा दिवस होता?"

"हो."

"आईने हात लावला?"

"लावला. उठवून बसवलं. वेणी घातली."

"आणि मग त्या गेल्या?"

"हो. मग गेली."

जानुकाने एकदा मागे, घरात पाहिलं.

"हजुरआमा पण एवढंच सांगते," ती म्हणाली.

मी डबा बाजूला केला, फोन भिंतीला टेकवून उभा केला आणि म्हणाले, "थांब. मी चुकीच्या जागेपासून सांगितलं. ही गोष्ट जूनमध्ये सुरू होते, आणि त्यात आधी मी खोटं बोलते. तुला वेळ आहे?"

"आहे," ती म्हणाली आणि दारातून उठून आत, खिडकीशी जाऊन बसली.